मधाच्या बाटलीवरील चार ओळी

वस्तु विकणाऱ्यानें तिच्याविषयीं किती बोलावें आणि कोठें थांबावें, हा प्रश्न आम्हांस आजवर कधीं पडला नव्हता. तीस-बत्तीस वर्षें मास्तरकी केली. विद्यादान हाहि एक प्रकारचा विक्रयच असें कोणी म्हणेल. परंतु त्या मालावर चिठ्ठी चिकटविण्याचा प्रसंग आमच्यावर आला नाहीं. तो गेल्या वैशाखांत आला. घरच्या मधाच्या बाटलीसाठीं आम्हीं चार ओळी लिहिल्या, आणि त्या चार ओळींनीं आमच्या एका जिवलग स्नेह्यास इस्पितळांत पोंचविलें. झालें तें आधीं सांगतों. कारण त्यावांचून पुढें यावयाचें कायदेकानूंचें विवेचन वाचकांस रुक्ष वाटेल, आणि घरोघरीं लोणचीं, मसाले, चटण्या करून विकणाऱ्या भगिनी हल्लीं इतक्या आहेत कीं तें रुक्ष म्हणून कोणी ओलांडून जावें अशी आमची इच्छा नाहीं.

आमचें चऱ्होली गांव इंद्रायणीच्या कांठीं, आळंदीच्या शेजारीं. १९९७ सालीं तें पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत समाविष्ट झालें. वाघेश्वराच्या टेंकडीवर उभें राहिलें म्हणजे पूर्वीं जेथें शेतें दिसत तेथें आतां उंच उंच इमारती दिसतात, आणि सकाळीं चाकण-भोसरीच्या कारखान्यांत जाणाऱ्या माणसांची रीघ लागते. पूर्वीं गांवांत तूप-गूळ घ्यावयाचा तो माणूस पाहून. अमक्याच्या घरचें तूप म्हटलें कीं संपलें. त्यांत खोट निघालीच तर वाघेश्वराच्या पायरीवर त्याची गांठ पडणारच होती. आतां शेजारच्या सोसायटींत राहावयास आलेला गृहस्थ लातूरचा, गुलबर्ग्याचा, नाहीं तर पाटण्याचा. आमचे आजोबा कोण होते याच्याशीं त्यास कर्तव्य नाहीं. त्याच्या हातांत येते ती बाटली, आणि तिच्यावर जें लिहिलेलें असेल तेवढीच आमची त्याची ओळख.

आमची धाकटी सून वनस्पतिशास्त्राची पदवीधर. पुण्यास खादी व ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ सालापासून आहे; तेथें शिकून येऊन तिनें परसांत चार पेट्या मांडल्या. आमच्या बालपणीं मध म्हणजे ठाकर-कातकऱ्यांनीं रानांतून आणलेला. आग्या माशीचें पोळें धुरानें मोकळें करून तें पिळीत. त्यांत मध, मेण, अंडीं, अळ्या सर्व एकत्र येई आणि पोळें तर नष्टच होई. आग्या माशी उघड्यावर एकच मोठें पोळें लटकविते. ती पेटींत राहत नाहीं. फुलोरी माशीचें पोळें तळहाताएवढें, त्यांतून मिळावयाचें तें किती! सातेरी माशी मात्र झाडाच्या ढोलींत, अंधारांत, एकाशेजारीं एक अशीं अनेक पोळीं बांधिते, म्हणून ती पेटींत नांदते. पिलांचा मजला खालीं, मधाचा वर. वरच्या मजल्यांतील चौकटी काढून त्या यंत्रांत गरगर फिरविल्या म्हणजे मध बाहेर उडतो आणि पोळें शाबूत राहून माशांस परत मिळतें. अळ्यांस इजा होत नाहीं हें ऐकल्यावर आमच्या सौभाग्यवतीचा विरोध मावळला. पहिल्या हंगामांत चार पेट्यांतून चौदा किलो मध निघाला. सातेरीच्या मानानें हें उत्पन्न वाईट नाहीं, असें सूनबाई म्हणते.

गिऱ्हाईक शोधावें लागलें नाहीं. डिसेंबर २०२० मध्यें दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट या संस्थेनें बाजारांतील १३ छापांच्या मधाची तपासणी जाहीर केली होती. देशांतील नेहमींच्या कसोट्यांस त्यांतील पुष्कळसे उतरले. परंतु जर्मनींतील प्रयोगशाळेंत अधिक सूक्ष्म परीक्षा झाली तेव्हां १३ पैकीं ३ च सर्व कसोट्यांस उतरले. कंपन्यांनीं हें नाकारलें, पण लोकांच्या मनांत किंतु राहिला तो राहिलाच. तेव्हांपासून ‘ओळखीच्या घरचा मध मिळेल काय?’ अशी विचारणा जो तो करितो. सूनबाईच्या बाटल्या हातोहात जाऊं लागल्या. त्यांवर कांहीं तरी नांवगांव हवें म्हणून ती आमच्याकडे आली. “मामंजी, चार ओळी लिहून द्या,” एवढेंच ती म्हणाली.

एवढेंच म्हणाली, पण मागितलें कोणाकडे? ज्यानें आयुष्यभर निबंध तपासले त्याच्याकडे! आम्हीं लिहिलें: ‘शुद्ध, सात्त्विक, नैसर्गिक जांभूळ-मध. घरीं बनविलेला. आयुर्वेदोक्त, त्रिदोषशामक, सर्वव्याधिहर. मधुमेहींसही पथ्यकर.’ छापखानेवाल्यास दोनशें प्रतींखालीं परवडेना म्हणून दोनशें छापल्या. अनुप्रास बरा साधला, असें त्या दिवशीं आम्हांस वाटलें होतें, हेंहि कबूल करून टाकतों.

आमचे हे स्नेही आमच्याच शाळेंत गणित शिकवीत. दहा वर्षांपासून त्यांस मधुमेह. डॉक्टरांच्या चिठ्ठीपेक्षां मित्राच्या चिठ्ठीवर त्यांनीं अधिक विश्वास ठेविला. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे मध, आणि ‘आतां गोळी निम्मी केली तरी चालेल’ हा त्यांचा स्वतःचाच त्रैराशिकाचा हिशेब. तिसऱ्या आठवड्यांत न्हाणीघरांत चक्कर येऊन ते पडले. रक्तांतील साखर ३८० निघाली. पांच दिवस इस्पितळांत काढून ते सुखरूप घरीं आले ही ईश्वराची कृपा, परंतु त्यांचे चिरंजीव ती बाटली घेऊन आमच्या ओट्यावर आले, ती समोर ठेविली आणि म्हणाले, “काका, ही भाषा तुमचीच ना?”

आम्हीं काय उत्तर द्यावें? आंत जाऊन सुश्रुताची पोथी काढली. प्रमेहाच्या चिकित्सेंत मध आहे, हें खोटें नव्हे. पण तो काढ्याबरोबर, औषधाचें अनुपान म्हणून, रोग्याची प्रकृति व रोगाचा प्रकार पाहून वैद्यानें योजावयाचा आहे. आम्हीं त्यांतील अर्धें वाक्य उचललें आणि बाटलीस चिकटविलें. विद्यार्थ्यानें असें केलें असतें तर त्यास बाकावर उभें केलें असतें. मधांत सुमारें चार-पंचमांश भाग साखरच असते. ती फुलांतून आली म्हणून रक्तांत शिरल्यावर कांहीं निराळी वागत नाहीं.

त्या रात्रीं सूनबाईनें छापील कागदांचा एक गठ्ठा आमच्यापुढें ठेविला. तो तिच्याकडे पूर्वींच होता. आम्हीं विचारलें नाहीं आणि तिनें भिडेस्तव सांगितलें नाहीं. आमच्या घरांत भिडेनें झालेलीं नुकसानें मोजूं लागलों तर हा अंक पुरणार नाहीं. असो.

अन्नसुरक्षा व मानके अधिनियम हा २००६ सालचा. ५ ऑगस्ट २०११ पासून तो अमलांत आला आणि १९५४ सालच्या भेसळप्रतिबंधक कायद्याची जागा त्यानें घेतली. या कायद्याचा रोख केवळ भेसळीवर नाहीं. वस्तु चोख असून तिच्यावरील मजकूर खोटा असला तरी तो अपराधच. चुकीच्या चिठ्ठीबद्दल कलम ५२ प्रमाणें ३ लक्ष रुपयांपर्यंत व दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल कलम ५३ प्रमाणें १० लक्ष रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. अन्न खाऊन रोग बरा होतो असा दावा करण्यास २०१८ सालच्या विनियमांनीं मनाई केली आहे. शिवाय १९५४ सालचा एक जुना कायदा आहे. जादूच्या व आक्षेपार्ह औषधी जाहिरातींस आळा घालण्यासाठीं तो झाला. ज्या रोगांवरील उपायांची जाहिरात करतां येत नाहीं त्यांच्या यादींत मधुमेह आहे, आणि जाहिरात या शब्दाच्या व्याख्येंत बाटलीवरील चिठ्ठीहि येते. कौटिल्यानें स्नेह, क्षार, औषधी इत्यादिकांत तशाच रंगाची वस्तु मिसळणाऱ्यास बारा पण दंड सांगितला आहे. त्याचेंच हें वाढलेलें रूप म्हणावयाचें. पण कौटिल्याच्या त्या सूत्रांत मिसळणाऱ्यास दंड आहे, नुसतें वाढवून लिहिणाऱ्यास नाहीं. तो आतां झाला. आमच्यासारख्यांसाठींच झाला असावा.

ज्यास ‘परवाना’ म्हणतात तो लहान घरगुती विक्रेत्यास लागत नाहीं. त्यास लागते ती नोंदणी. या दोहोंत पुष्कळांची गल्लत होते आणि परवान्याच्या धास्तीनें लोक नोंदणीहि करीत नाहींत. २०११ च्या विनियमांत नोंदणीची मर्यादा वार्षिक १२ लक्ष रुपये विक्रीची आणि फी वर्षास १०० रुपये ठरविली होती. असे आंकडे सरकार मधूनमधून बदलीत असतें, तेव्हां अर्ज करणाऱ्यानें त्या दिवशींचा आंकडा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहूनच पुढें जावें. अर्ज घरबसल्या संगणकावर भरतां येतो. छायाचित्र, ओळखीचा कागद, जागेचा पत्ता व कोणता पदार्थ करणार तें, इतकें लागतें. त्याच विनियमांप्रमाणें अधिकाऱ्यानें सात दिवसांत नोंदणी द्यावी, कारण देऊन नाकारावी, अथवा जागा पाहण्यास येतों म्हणून कळवावें. आणि तीस दिवसांत कांहींच कळविलें नाहीं तर लहान विक्रेत्यास धंदा सुरू करतां येतो. सरकारी दप्तरानें स्वतःच्या दिरंगाईवर असा तोडगा स्वतःच लिहून ठेवावा, हें आम्हांस अपूर्व वाटलें. नोंदणी झाली म्हणजे चौदा आंकडी क्रमांक मिळतो. तो बाटलीवर छापावयाचा.

अर्ज कोणाच्या नांवें करावयाचा यावरून मात्र घरांत दोन दिवस चूल धुमसत राहिली. आमचे वडील बंधु दादा आज पंचाहत्तरींत आहेत. घरांतील शेवटचा शब्द त्यांचा. त्यांचा पहिला आक्षेप शास्त्राचा. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायांत, आपत्कालीं व्यापार करणाऱ्या ब्राह्मणानेंसुद्धां कोणत्या वस्तु विकूं नयेत त्यांची यादी आहे आणि तींत मध आहे. “चौदा किलो मध विकावा अशी आपत्ति या घरावर आली आहे काय?” असें त्यांनीं विचारलें. यादी खरी आहे. पण तिच्यांत दूध, दहीं, तूप, तेलहि आहे, आणि दादांच्या जांवयांची दुधाची डेअरी सांगलीस उत्तम चालते, याची आठवण आमच्या सौभाग्यवतीनें माजघरांतून करून दिली. दादा हंसले, आणि तो मुद्दा तेथेंच राहिला.

दुसरा आक्षेप हंसण्यावारीं नेण्याजोगा नव्हता. चिठ्ठीवर करणाऱ्याचें नांव, पूर्ण पत्ता आणि तक्रारीसाठीं दूरध्वनीचा क्रमांक द्यावा लागतो. “घरच्या सुनेचें नांव आणि घराचा पत्ता बाटलीवर चिकटवून परक्यांच्या स्वयंपाकघरांत पाठवावयाचा? नांव घालावयाचेंच तर तिच्या नवऱ्याचें घाला,” असें दादा म्हणाले. आमचे चिरंजीव चाकणच्या एका कारखान्यांत पाळीनें कामास जातात. पेटीचें झांकण त्यांनीं आजवर एकदांहि उघडलेलें नाहीं. सूनबाई दादांपुढें सहसा बोलत नाहीं. त्या दिवशीं ती उभी राहून म्हणाली, “दादा, पेट्या मी उघडतें, माशा मला चावतात. उद्यां कोणी तक्रार घेऊन आला तर उत्तरहि मीच देणार. ह्यांचें नांव घातलें तर पहिलीच ओळ खोटी होईल, आणि एकदां खोट्या ओळीनें काय झालें तें आपण पाहिलें आहे.” नंतर कोणीच बोललें नाहीं. दादा संध्येस उठून गेले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं स्वतःच विचारलें, “अर्जाला छायाचित्र लागतें म्हणालीस, तें काढलेंस काय?” नोंदणी तिच्या नांवें झाली.

मग चिठ्ठी नव्यानें लिहावयास बसलों. या वेळीं लेखणी तिच्या हातीं आणि आम्ही शेजारीं.

वजनाची ओळ लिहितांना एक मोठीच चूक सांपडली. आम्ही सरबताच्या रिकाम्या बाटल्या धुऊन त्यांत मध भरीत होतों. बाटली पाऊण लिटरची, म्हणून मध पाऊण किलो, असा सरळ हिशेब. परंतु मध पाण्याहून सुमारें चाळीस टक्के जड. पाऊण लिटरच्या बाटलींत मध बसतो तो जवळजवळ एक किलो पन्नास ग्रॅम! पहिल्या हंगामांत तेरा बाटल्या गेल्या. म्हणजे कोणाच्याहि ध्यानांत न येतां सुमारें चार किलो मध आम्हीं फुकट वांटला. गणिताच्या मास्तरांनींहि ही बाटली वजन करून पाहिली नव्हती, एवढेंच त्यांतलें समाधान. वजनमापाचा २००९ सालचा कायदा व त्याखालील २०११ चे बंद पुड्यांचे नियम मधाचें निव्वळ वजन ग्रॅम अथवा किलोंत मागतात, तें कां, हें आम्हांस आपल्याच खिशावरून कळलें. बाटलीचें वजन त्यांत धरावयाचें नाहीं. किंमत सर्व करांसह लिहावयाची. मध भरल्याची तारीख, तो केव्हांपर्यंत वापरावा ती तारीख, आणि कोणत्या खेपेचा मध आहे त्या खेपेचा क्रमांक, हींहि हवींत. अक्षर किती उंच असावें याचेंहि माप ठरलेलें आहे. आमच्या जुन्या चिठ्ठींत ‘सर्वव्याधिहर’ अर्धा इंच होतें आणि पत्ता मुंगीएवढा.

भाषेच्या बाबतींत आमचें मन अजून खट्टू आहे. सक्तीचा मजकूर इंग्रजींत किंवा देवनागरी हिंदींत असला पाहिजे. मराठी जोडीस चालते, एकटी चालत नाहीं. चऱ्होलींत काढलेला मध, चऱ्होलींतच विकावयाचा, आणि त्यावर नुसतें ‘निव्वळ वजन’ लिहून भागूं नये! पाटण्याच्या शेजाऱ्यास वाचतां यावें हें मान्य. पण लिपि एकच असतां मराठीस हा दुय्यम पाट कशास? सूनबाईनें वरतीं मराठी व खालीं इंग्रजी असें छापून घेतलें. आम्हीं मूग गिळले.

आतां उरलीं तीं विशेषणें. ‘घरीं बनविलेला’ यावर तिनें पहिली काट मारली. “मामंजी, मध माशा बनवितात, आपण गाळतों आणि भरतों.” यावर वाद नव्हता. ‘शुद्ध’ व ‘नैसर्गिक’ हे शब्द ज्या पदार्थांत बाहेरचें कांहीं मिसळलेलें नाहीं त्यास अटींवर लावतां येतात. मधास ते कायद्यानें अगदींच वर्ज्य नाहींत. तरी तिनें ते काढले. कारण विचारलें तेव्हां कळलें कीं श्रावण-भाद्रपदांत पावसामुळें माशांस बाहेर पडतां येत नाहीं आणि फुलेंहि नसतात, तेव्हां त्यांस जगविण्यासाठीं पेटींत साखरेचा पाक ठेवावा लागतो. पेट्या पाळणारे सर्वच तो ठेवितात. त्या दिवसांत ती मध काढीत नाहीं, आणि फुलोरा सुरू झाला कीं पाक बंद करिते. पण त्यांतला थेंबभर पाक पोळ्याच्या कोपऱ्यांत उरलाच नसेल अशी शपथ ती घेईना. इतक्या कांटेकोरपणाची कायद्यास अपेक्षा आहे असें आम्हांस वाटत नाहीं. पण लिहिणारी ती होती.

‘जांभूळ-मध’ या शब्दाची कथा अशीच. आमच्या परसाच्या भिंतीशीं एक मोठी जांभळी आहे, तेवढ्यावरून आम्हीं तें नांव ठेविलें. महाबळेश्वराकडे जांभूळ, हिरडा, गेळा यांच्या फुलोऱ्याचे मध निरनिराळे निघतात, आणि कांहीं वर्षांच्या अंतरानें कारवी फुलली म्हणजे तिचाहि. तेथें राज्याच्या खादी-ग्रामोद्योग मंडळाचें मध संचालनालय आहे, आणि त्याच भागांतील मांघर या गांवास २०२२ सालीं देशांतील पहिलें मधाचें गांव म्हणून जाहीर करण्यांत आलें. तेथें दाट जंगल आहे; एका हंगामांत एकाच जातीचीं झाडें मैलोगणती फुलतात. आमच्या चऱ्होलींत माशी सकाळीं शेवग्यावर, दुपारीं करंजावर आणि संध्याकाळीं कोणत्या सोसायटीच्या बागेंत जाईल हें कोणी सांगावें? एका फुलाचें नांव मधास द्यावयाचें तर त्यांतील परागांपैकीं किमान ४५ टक्के पराग त्या फुलाचे असावे लागतात, आणि तें सूक्ष्मदर्शकाखालीं मोजूनच ठरतें. जांभळीकडे बोट दाखवून ठरत नाहीं. तेव्हां तो शब्दहि गेला. उरला ‘मध’. विशेषणें गळून नुसतें नाम उरलेलें पाहून व्याकरण शिकविणाऱ्या माणसास थोडें उघडें उघडें वाटलें खरें.

शाकाहाराविषयीं येथेंच एक सांगून टाकतों, कारण कांहीं वाचक भगिनींनीं पूर्वीं विचारलें होतें. मांसाहारी पदार्थाची व्याख्या करतांना कायद्यानें दूध व दुधाचे पदार्थ यांच्याप्रमाणें मधासहि तींतून वगळलें आहे. धर्मशास्त्रांत ब्रह्मचाऱ्यास मध वर्ज्य सांगितला आहे आणि जैन बंधु तो घेत नाहींत. त्या प्रश्नांत सरकार पडलेलें नाहीं.

चिठ्ठी तयार झाली, पण मधच आडवा आला. कार्तिकांत पहिला मध काढला तेव्हां सूनबाईनें तो रिफ्रॅक्टोमीटर नांवाच्या लहानशा नळींतून पाहिला. कांचेवर थेंब ठेवून उजेडाकडे धरलें म्हणजे त्यांतील पाण्याचें प्रमाण दिसतें. मर्यादा २० टक्क्यांची; आमचा निघाला २२. सातेरीच्या मधांत पाणी मुळांतच थोडें अधिक असतें, त्यांत पावसाळा नुकताच संपलेला. माशा पंखांनीं वारा घालून मध आटवितात आणि तो पिकला म्हणजे पोळ्याच्या घरांवर मेणाचें झांकण घालतात; झांकण पुरें होण्यापूर्वीं काढलेला मध ओला राहतो आणि पुढें आंबतो. दोन किलो मध होता. चार गिऱ्हाइकें वाट पाहत होतीं. “दोन टक्के कोण पाहतो?” असें आमच्याच तोंडून निघून गेलें, इतकें सारें होऊनहि मनुष्यस्वभाव जात नाहीं तो असा. तिनें तो मध घरांत ठेविला, माघारीं गिऱ्हाइकांस कळविलें आणि पुढच्या चौकटींवर झांकणें पुरीं होईपर्यंत तीन आठवडे थांबली. तो ओला मध आम्हीं सर्वांनीं पोळीशीं खाल्ला. चवीस उत्तम होता.

थंडींत बाटल्यांतला मध खालून थिजूं लागला तेव्हां दोन बायका ‘यांत साखर आहे’ म्हणून परत घेऊन आल्या. मधांतील द्राक्षशर्करेचे कण थंडीनें बनतात, तो भेसळीचा पुरावा नव्हे. कोमट पाण्यांत बाटली ठेविली कीं तो पुन्हां पातळ होतो. तसेंच पाण्यांत थेंब सोडणें, वात बुडवून पेटविणें, मुंग्या लागतात कीं नाहीं तें पाहणें या घरगुती परीक्षांवर कोणी विसंबूं नये. हुषारीनें केलेली भेसळ त्या सर्वांतून सहज पार पडते.

शेवटची एक ओळ कोणीं सांगितली म्हणून नव्हे, तर सूनबाईच्या हट्टानें चिठ्ठीवर आली: ‘एक वर्षाखालील मुलांस देऊं नये.’ यावर दादा पुन्हां अस्वस्थ झाले. जातकर्मांत नवजात बालकास सोन्यानें मध व तूप चाटविण्याचा विधि आहे. तो आमचा झाला, आमच्या मुलांचाहि झाला. परंतु मध कितीहि चांगला असला तरी त्यांत एका विषारी जंतूचीं बीजें असूं शकतात. मोठ्यांच्या आंतड्यांत तीं रुजत नाहींत, तान्ह्यांच्या रुजूं शकतात, आणि मग मूल लुळें पडतें. असें क्वचितच घडतें. पण घडतें तें घरांतल्या सर्वांत लहान जीवावर. आम्हीं दादांस सुचविलें कीं मंत्र सर्व म्हणावे, सोनें असावें, आणि मधाचा केवळ स्पर्श वाटीस करावा. त्यांनीं अजून होकार दिलेला नाहीं. घरांत तूर्त कोणी बाळंतीण नाहीं, म्हणून आम्हींहि तो विषय ताणला नाहीं.

मार्गशीर्षांत एके दिवशीं आमचे गणिताचे स्नेही काठी टेंकीत आले. आम्हांस त्यांच्या तोंडाकडे पाहवेना. त्यांनीं चष्मा पुसून नवी बाटली हातीं घेतली, वजन, तारीख, नांव, चौदा आंकडे सावकाश वाचले आणि म्हणाले, “मास्तर, यांत तुमचें कांहींच उरलें नाहीं हो.” मग एक बाटली मागितली. आमच्या छातींत धस्स झालें. तेंच ओळखून ते म्हणाले, “भिऊं नका, माझ्यासाठीं नव्हे. नातवासाठीं नेतों.”

सूनबाई आंतून बाहेर आली. “काका, नातू केवढा आहे?”

“दहा महिन्यांचा होईल आतां.”

तिनें बाटली त्यांच्या हातून अलगद घेतली आणि फळीवर ठेविली. “मग दोन महिन्यांनीं या,” ती म्हणाली, आणि त्यांच्यासाठीं बिनसाखरेचा चहा टाकावयास आंत गेली.